पुठ्ठ्याची मोटार : ट्राबांट आणि तिची कागदी प्रतिकृती

१/
९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. पुढील काही दिवस पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे येणाऱ्या छोट्या, खोक्यासारख्या मोटारींची रांग संपता संपेना. पश्चिमेकडील लोक त्यांच्या टपांवर थापा मारून प्रवाशांचे स्वागत करीत होते. पत्र्यावर थाप मारली की खणखणीत आवाज येतो. या मोटारींतून मात्र बद्द आवाज येत होता, जणू जाड पुठ्ठ्यावर हात पडावा तसा. ही मोटार म्हणजे ट्राबांट.

२/
तिला जर्मन भाषेत थट्टेने ‘रेनपापे’ म्हणत. अर्थ असा की, शर्यतीत धावणारा पुठ्ठा. ही मोटार खरोखरच पुठ्ठ्याची आहे, असे मानणारे लोक आजही भेटतात. ते खरे नाही. पण निव्वळ खोटेही नाही. कागद, पुठ्ठा आणि सरस घेऊन या मोटारीची तपशीलवार प्रतिकृती करायला बसणाऱ्या माणसाला हे अर्धसत्य कोठून आले ते पायरीपायरीने कळत जाते. ट्राबांटचा इतिहास समजून घेण्याचा हा एक उत्तम मार्ग आहे.

३/
कागदी प्रतिकृतींची परंपरा युरोपात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एपिनाल गावचे छापखाने कापून चिकटवण्याचे रंगीत तक्ते काढीत. जर्मनीत एस्लिंगेन येथील श्रायबर या प्रकाशनगृहाचे तक्ते घरोघरी पोहोचले. किल्ले, चर्च, जहाजे, आगगाड्या असे सारे काही त्यांत असे. लाकडी किंवा धातूची खेळणी ज्यांना परवडत नसत, त्यांच्या मुलांना एका छापील तक्त्यात संपूर्ण जहाज मिळत असे.

४/
दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला पूर्व युरोपात नवे आयुष्य मिळाले. प्लास्टिकचे संच दुर्मीळ होते, कागद मात्र उपलब्ध होता. पोलंडमध्ये १९५७ साली ‘मावी मोदेलाश’ म्हणजे ‘छोटा मॉडेलकार’ हे मासिक सुरू झाले. त्याच्या पानांतूनच विमाने, रणगाडे, जहाजे कापून काढायची असत. पूर्व जर्मनीत युंगे वेल्ट या युवकांसाठीच्या प्रकाशनगृहाने ‘क्रानिश’, म्हणजे क्रौंच पक्षी, या नावाने असेच तक्ते काढले. टंचाईच्या अर्थव्यवस्थेने जसा हा छंद पोसला, तशीच तिने एक मोटारही घडवली.

५/
प्रतिकृतीची सुरुवात मापांपासून होते. कागदी मोटारींसाठी १:२५ हे प्रमाण फार वापरले जाते. ट्राबांट ६०१ची लांबी सुमारे ३.५५ मीटर, रुंदी सुमारे दीड मीटर. म्हणजे कागदी मोटार १४२ मिलिमीटर लांब आणि ६० मिलिमीटर रुंद होते. ती तळहातावर मावते. खऱ्या मोटारीचे वजन सुमारे ६१५ किलो होते. या आकड्यांमागे एक सरकारी निर्णय आहे, आणि त्या निर्णयामागे एक उठाव.

६/
१७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीतील कामगार रस्त्यावर उतरले. वाढीव कामाच्या सक्तीविरुद्ध सुरू झालेला तो उद्रेक सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. मात्र केवळ पोलाद, कोळसा आणि घोषणा यांवर जनता शांत राहणार नाही, हे राज्यकर्त्यांना उमगले. नित्य वापराच्या वस्तूंकडे लक्ष देणे भाग पडले. १९५४मध्ये सामान्य कुटुंबासाठी एक हलकी, स्वस्त आणि कमी इंधन पिणारी मोटार तयार करण्याचे ठरले.

७/
हे काम आले सॅक्सनीतील त्स्विकाऊ शहराकडे, आणि ते स्वाभाविकच होते. आउगुस्ट होर्शने विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात मोटारी बनवल्या. त्याने पुढे स्थापन केलेली आउडी कंपनीही येथलीच. १९३१पासून डीकेडब्ल्यूच्या छोट्या, पुढच्या चाकांना गती देणाऱ्या दोन-स्ट्रोक मोटारी येथे तयार होत. युद्धानंतर कारखान्यांतील यंत्रसामग्री सोव्हिएत संघाने भरपाई म्हणून उचलून नेली. मागे उरले ते कुशल कारागीर आणि त्यांचे ज्ञान.

८/
अडचण होती पत्र्याची. मोटारीचे गोलसर भाग साच्यात दाबून काढण्यासाठी पातळ, लवचिक आणि उत्तम प्रतीचा पोलादी पत्रा लागतो. तो पूर्व जर्मनीत पुरेसा बनत नव्हता. शीतयुद्धातील व्यापारबंदीमुळे पश्चिमेकडून आणणेही कठीण होते. मोटार हवी, पण पत्रा नाही, असा पेच अभियंत्यांपुढे उभा राहिला. त्यांनी जे उत्तर शोधले, त्याचे नाव ड्युरोप्लास्ट.

९/
ड्युरोप्लास्टचा मुख्य घटक म्हणजे कापूस. सोव्हिएत संघातून येणाऱ्या कापसाचा टाकाऊ भाग पिंजून त्याचे पातळ थर केले जात. त्यांवर फेनॉलपासून बनवलेल्या राळेची पूड पसरली जाई. असे अनेक थर एकावर एक रचून ते तापलेल्या साच्यात प्रचंड दाबाखाली ठेवले की राळ वितळून तंतूंमध्ये भिनत असे आणि कायमची कडक होत असे. साचा उघडला की दार, टप किंवा चाकावरील पंखा तयार. त्याला गंज चढत नसे.

१०/
कागदी मोटार करणारा माणूस आपल्या टेबलावर नेमके हेच करीत असतो. कागद म्हणजेही वनस्पतींचे तंतू. एकाच थराचा कागद लवतो, म्हणून तो दोन-तीन थर सरसाने जोडतो, वजनाखाली दाबून वाळवतो आणि मग कापतो. तंतू आणि त्यांना बांधणारा पदार्थ यांची ही सांगड दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो राळेच्या ताकदीचा, उष्णतेचा आणि दाबाचा. ‘धावणारा पुठ्ठा’ ही थट्टा म्हणूनच अजाणता तंत्राच्या अगदी जवळ गेली होती.

११/
येथे एक छोटे गणित उद्बोधक ठरते. साध्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. १:२५ प्रमाणात तो इतका बारीक होतो की तेवढा पातळ कागद हाताळणेच अशक्य. म्हणून बहुतेक कागदी मोटारींच्या कडा मूळ मोटारीपेक्षा कितीतरी जाड दिसतात. ट्राबांटचे ड्युरोप्लास्ट मात्र काही मिलिमीटर जाडीचे होते. साध्या कार्डकागदाची ०.२ मिलिमीटर जाडी २५ पटींनी मोठी केली की पाच मिलिमीटर भरते. कागदाला शोभेल अशी मोटार शोधायची तर हीच.

१२/
मात्र संपूर्ण मोटार ड्युरोप्लास्टची नव्हती. १९५५ साली आलेल्या पी ७० या आधीच्या मोटारीत लाकडी सांगाड्यावर हे पट बसवलेले होते. ट्राबांटमध्ये लाकडाची जागा पोलादी सांगाड्याने घेतली. भार तो पेली आणि ड्युरोप्लास्टचे पट त्यावर कातडीसारखे चढवले जात. कागदी प्रतिकृतीतही हाच क्रम असतो. आधी एक मिलिमीटर जाड पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या फासळ्या खाचांत अडकवून सांगाडा उभा करायचा, तो काटकोनात आहे हे गुण्याने तपासायचे आणि मगच रंगीत बाह्यांग चिकटवायचे.

१३/
पहिल्या ट्राबांट १९५७च्या नोव्हेंबरमध्ये कारखान्यातून बाहेर पडल्या. जेमतेम महिनाभरापूर्वी स्पुत्निक अवकाशात झेपावला होता. ‘ट्राबांट’ या शब्दाचा अर्थ सोबती, अनुचर. आणि ग्रहाभोवती फिरणारा उपग्रहही. पी ५० या त्या पहिल्या रूपाचे इंजिन ५०० घनसेंटिमीटरचे आणि १८ अश्वशक्तीचे होते. त्या काळाच्या मानाने ती मुळीच मागासलेली नव्हती. आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना गती, ही रचना पुढे जगभरातील छोट्या मोटारींनी स्वीकारली. ब्रिटनची विख्यात ‘मिनी’ त्यानंतर दोन वर्षांनी आली.

१४/
१९६४मध्ये आलेली ट्राबांट ६०१ हीच पुढे सर्वांच्या ओळखीची झाली. तिचा आकार कागदाला विशेष मानवतो. कागद एका दिशेने सहज वळतो, पण एकाच वेळी दोन दिशांनी वळत नाही. फोक्सवॅगन बीटलसारखा फुगीर आकार कागदातून काढायचा तर पाकळ्या पाडून त्या जोडाव्या लागतात. ६०१च्या बाजू सपाट, टप जवळजवळ चपटा, मागील पंख टोकदार. बहुतेक भाग एका घडीत किंवा एका वळणात बसतात. घडीच्या रेषेवर आधी बोथट पात्याने हलकी खूण ओढून घेतली की कागद तंतू न फाटता वळतो.

१५/
खरी कसोटी लागते इंजिनाशी. तपशीलवार प्रतिकृतीत बॉनेट उघडते आणि आतील इंजिन दिसते. ट्राबांटचे इंजिन दोन सिलिंडरचे, ५९४.५ घनसेंटिमीटरचे, आणि १९६९पासून २६ अश्वशक्तीचे होते. ते हवेने थंड होई. म्हणून सिलिंडरभोवती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडा असत. त्या कागदात दाखवण्याची एक जुनी युक्ती आहे. मोठ्या आणि लहान गोल चकत्या कापायच्या आणि एकाआड एक रचून चिकटवत जायचे. ७२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर या प्रमाणात तीन मिलिमीटरहूनही कमी भरतो. चिमटा, भिंग आणि संयम यांशिवाय हे काम होत नाही.

१६/
हे इंजिन घडवताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. करण्यासारखे भाग फार थोडे आहेत. पाण्याचा रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, झडपांची यंत्रणा नाही. पेट्रोलचा पंपही नाही. टाकी बॉनेटखाली इंजिनाच्या वरच्या अंगाला बसवलेली होती आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरत असे. जे नाही ते बिघडत नाही, असा तो साधा हिशोब होता. पूर्व जर्मनीत सुटे भाग मिळणे दुरापास्त असल्याने मालक स्वतःच दुरुस्ती करीत, आणि या मोटारीत ती शक्यही होती. पुढे आदळलेल्या मोटारीत मात्र टाकीची हीच जागा धोक्याची होती.

१७/
दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे प्रमाण आधी ३३ भाग पेट्रोलला एक भाग तेल असे होते. पुढे ५० भागांना एक असे झाले. ते तेलही जळत असल्याने मागून निळसर धूर निघे. जुन्या स्कूटर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याचा वास वेगळा सांगायला नको. १९५७मध्ये ही रचना काटकसरीची आणि मान्य होती. १९८०च्या दशकात तीच रचना हवा नासवणारी, कालबाह्य गोष्ट ठरली. मोटार बदलली नव्हती; काळ बदलला होता.

१८/
आतील भाग कागदात करणे सर्वांत सोपे, कारण तेथे फारसे काही नाहीच. चालकासमोर वेग दाखवणारी एकच गोल तबकडी. गिअरचा दांडा जमिनीतून नव्हे, तर समोरच्या फळीतून बाहेर आलेला. बहुसंख्य मोटारींत पेट्रोल किती उरले ते दाखवणारा काटाही नव्हता. बॉनेट उघडून टाकीत मापाची पट्टी बुडवून पाहावे लागे. प्रतिकृतीसाठी ही पट्टी करायची तर कागदाची केसाएवढी चिंधी पुरते. जाणकार मॉडेलकार तीही वगळत नाहीत.

१९/
चाके म्हणजे कागदकामातील चिकाटीची परीक्षा. सुमारे २३ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या एकावर एक चिकटवून जाड वर्तुळ तयार होते. ते सायनो सरसाने कडक करून पॉलिश कागदाने घासले जाते, मग कडेला टायरची गोलाई येते. कापलेल्या प्रत्येक भागाची पांढरी कड जलरंगाने रंगवावी लागते, नाहीतर जोडणीवर पांढऱ्या रेषा उमटतात आणि सारे श्रम वाया जातात.

२०/
रंगांची नावेही बोलकी आहेत. हिमनदीचा निळा, डॉल्फिनचा करडा, शॅम्पेनचा बदामी अशा नावांनी हे फिकट रंग ओळखले जात. त्यांतील एक होता ‘पापीरुसवाइस’, म्हणजे पपायरसचा पांढरा. पपायरस हा प्राचीन इजिप्तचा लेखनपट. ‘पेपर’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पुठ्ठ्याची म्हणून हिणवल्या गेलेल्या मोटारीच्या रंगपत्रिकेत कागदाचा हा पूर्वज बसलेला असावा, हा योगायोग गमतीचा आहे.

२१/
येथवरची कथा कल्पकतेची आहे. पुढची कथा साचलेपणाची. पोलादी पत्र्याचा भाग दाबयंत्रात काही सेकंदांत तयार होतो. ड्युरोप्लास्टच्या भागाला साच्यात कित्येक मिनिटे थांबावे लागे, कारण राळ पक्की होण्यास वेळ लागतो. उत्पादन वाढवायचे तर आणखी दाबयंत्रे हवीत, आणि त्यांसाठी पैसा हवा. तो मिळाला नाही. मागणी वाढत गेली, कारखाना मात्र आपल्याच गतीने चालत राहिला.

२२/
परिणाम सर्वश्रुत आहे. नवी ट्राबांट हवी असेल तर नाव नोंदवून दहा वर्षे, अनेकदा त्याहूनही अधिक, वाट पाहावी लागे. अठरा वर्षे पूर्ण होताच तरुण नाव नोंदवीत, मोटार हाती येईपर्यंत तिशी गाठत. रांगेतील जागेलाच किंमत आली. वापरलेली मोटार लगेच मिळत असल्याने ती नव्या मोटारीपेक्षा महाग विकली जाई. स्वस्त मोटारीची ही विचित्र शोकांतिका होती: ती परवडत होती, पण मिळत नव्हती.

२३/
अभियंते झोपले होते असे मुळीच नाही. त्स्विकाऊमध्ये पी ६०३ नावाची, मागे उघडणाऱ्या दाराची नवी मोटार तयार होत होती. १९६८मध्ये वरून आदेश आला आणि ते काम थांबवले गेले. १९७०च्या दशकात पुन्हा एका उत्तराधिकारी मोटारीचे प्रयत्न झाले. तेही राज्यकर्त्यांनी मोडीत काढले. खासगी मोटारीवर खर्च करणे त्यांना अग्रक्रमाचे वाटले नाही. जग जेव्हा ट्राबांटला हसत होते, तेव्हा ते खरे तर या निर्णयांना हसत होते. पण टोमणे सहन केले ते कारागिरांनी आणि मालकांनी.

२४/
कागदी तक्ता या साचलेपणाचा मूक पुरावा आहे. एखाद्या लोकप्रिय मोटारीची वेगवेगळ्या दशकांतील रूपे करायची तर प्रत्येकासाठी नवा तक्ता आखावा लागतो. ट्राबांट ६०१चे तसे नाही. १९६४ची मोटार करा किंवा १९८९ची, बाह्यांगाचे बहुतेक भाग तेच राहतात. आतून सुधारणा होत गेल्या, विद्युतव्यवस्था आणि मागील स्प्रिंगसुद्धा पुढे बदलल्या. आकार मात्र गोठलेलाच राहिला. पाव शतकाहून अधिक काळ एकच कात्रण चालते.

२५/
१९८४मध्ये फोक्सवॅगनशी करार झाला. त्यातून चार-स्ट्रोक इंजिनाची ट्राबांट १.१ आली, तीही १९९०मध्ये, भिंत पडून गेल्यावर. तोवर पश्चिमेकडील वापरलेल्या मोटारी सहज मिळू लागल्या होत्या. ज्या मोटारीसाठी लोकांनी अर्धे तारुण्य वाट पाहिली, ती आता कोणाला नको होती. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबांट बाहेर पडली. तोपर्यंत ३० लाखांहून अधिक ट्राबांट तयार झाल्या होत्या.

२६/
मग प्रश्न उभा राहिला विल्हेवाटीचा. पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते. ड्युरोप्लास्टची राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही, आणि ते जाळले तर विषारी धूर निघतो. टंचाईतून जन्मलेला पदार्थ विपुलतेच्या काळात ओझे ठरला. रस्त्यांच्या कडेला सोडून दिलेल्या ट्राबांटची छायाचित्रे त्या वर्षांची ओळख बनली. डुकरांनी आणि शेळ्यांनी त्या खाल्ल्याच्या कहाण्या पसरल्या, त्या याच काळातल्या.

२७/
तरीही ही मोटार विस्मृतीत गेली नाही. बर्लिनच्या भिंतीच्या उरलेल्या भागावर, ईस्ट साइड गॅलरीत, बिर्गिट किंडर या चित्रकर्तीने १९९०मध्ये भिंत भेदून बाहेर येणारी एक ट्राबांट रंगवली. तिच्या क्रमांकपाटीवर भिंत उघडल्याची तारीख आहे. त्स्विकाऊच्या आउगुस्ट होर्श संग्रहालयात त्याच शहरातील आलिशान होर्श मोटारींबरोबर ट्राबांटलाही मानाने जागा मिळाली आहे. एका शहराच्या कारागिरीची ही दोन टोके तेथे एका छपराखाली पाहता येतात.

२८/
आणि ती जगभरातील टेबलांवर कागदातूनही उभी राहते. शेवटी चिकटवला जातो तो पुढच्या जाळीवरील छोटा ‘एस’, झाक्सेनरिंग कारखान्याचे चिन्ह, या प्रमाणात तांदळाच्या दाण्याहूनही लहान. तो बसवताना करणाऱ्याला ठाऊक असते की, बॉनेटखाली पंप का नाही, दारे कापसाची का होती आणि बाह्यांगाचा एकच तक्ता पंचवीस वर्षांना का पुरतो. पुठ्ठ्याची मोटार म्हणून हसणाऱ्यांना यांतील एकही उत्तर सांगता येत नसे.